आळंदी ते पंढरपूर पायी वारी: रेनकोट, पोंचो, छत्री की कागद?

गोदाकाठ

राम कृष्ण हरी मंडळी.

यंदा आईबरोबर माउलींच्या पालखीत आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालायचं ठरवलं आहे. आईच्या माहेरच्या गावाची दिंडी आहे. ती पूर्वी मामांबरोबर जेजुरीपर्यंत जाऊन आली आहे, पण पूर्ण वारी आम्हा दोघींचीही पहिलीच. आईचं वय 61, गुडघे ठीक आहेत, रोज सकाळी गोदाकाठी चालायला जाते.

प्रश्न पावसाचा आहे. गेल्या वर्षी आषाढी 6 जुलैला होती, म्हणजे आळंदीहून प्रस्थान जूनमध्येच झालं. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आषाढी थेट 25 जुलैला आहे. सगळी वाटचाल जुलैत. तोवर पाऊस चांगला बसलेला असणार, असं दिंडीतली जुनी माणसं सांगतात.

माझ्याकडे एक ट्रेकिंगचं जाकीट आहे, चारेक वर्षं जुनं. आत लेबलवर 10,000 मिमी लिहिलंय. दुकानात विचारलं तर ते म्हणाले की आता याहून चांगलं 'श्वास घेणारं' कापड आलंय, तेच घ्या, आईंनाही घ्या. दोघींचे मिळून बरेच हजार होतात. आईचं म्हणणं, "प्लास्टिकचा कागद घे दोन हात, झालं." भाऊ म्हणतो पोंचो घ्या. मावशी म्हणते छत्रीशिवाय निघूच नका. आणि आईला मधूनमधून डोक्यावर तुळस घेऊन चालायचं आहे, म्हणजे तिचे हात मोकळे नसणार.

जे चालले आहेत त्यांनी सांगा. पैसे वाचवायचे म्हणून विचारत नाहीये. आईला रोज रात्री कोरडं झोपायला मिळावं एवढंच मनात आहे.

सह्यभटक्या

ताई, पावसाळी सामानात काटकसर करू नका. मी जुलै-ऑगस्टमध्ये हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई नेहमी करतो. स्वस्त रेनकोटच्या शिलाया पहिल्या तासात गळायला लागतात, आणि ओल्या अंगाला वारा लागला की दात वाजायला लागतात. शिलाईवर आतून टेप लावलेलं, बगलेत चेन असलेलं, टोपीला घट्ट करायची दोरी असलेलं जाकीट घ्या. खाली पँटही त्याच कापडाची. एकदा घेतलं की पुष्कळ वर्षं बघायला लागत नाही.

कागदावर विसंबून अडीचशे किलोमीटर चालायला मी तरी कुणाला सांगणार नाही.

शिवणकाकू

राम कृष्ण हरी ताई. मी पुण्यात सॅक, तंबू आणि रेनकोट शिवायचं नि दुरुस्तीचं काम करते, आणि वारीही चालते. पावसाळी कपडा कुठे फाटतो, कुठे गळतो ते मला मशीनवर दिसतं. अंगावर तो कसा वागतो ते रस्त्यावर कळतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भटक्यादादांचं म्हणणं गडासाठी अगदी बरोबर आहे. कोकणकड्यावर जुलैचा वारा सुटला की वारा अडवणारं जाकीट हवंच. वारीचं चालणं वेगळं. रुंद सपाट रस्ता, पुढेमागे माणूसच माणूस, टाळ-पखवाजाच्या तालावर सहा-आठ तासांची चाल, आणि हवा उबदार. तिथे जाकिटातला माणूस पावसाआधी घामाने भिजतो.

तुमच्या लेबलवरच्या 10,000 चा अर्थ एवढाच की कापडावर 10 मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते झिरपू देत नाही. बाहेरचं पाणी आत येण्याबद्दलचा तो आकडा. घामाची वाफ बाहेर जाण्याचा आकडा वेगळा असतो: एका चौरस मीटर कापडातून 24 तासांत किती ग्रॅम वाफ जाते तो. दुकानदार 'श्वास घेणारं' म्हणतात ते याच आकड्यावर. पण वाफ काही आपणहून बाहेर जात नाही. आत दमट आणि बाहेर कोरडं असेल तर त्या फरकाच्या जोरावर ती कापडातून निघते. हिमालयातल्या कोरड्या थंड हवेत हा फरक मोठा असतो, तिथे ते कापड पैसे वसूल करून देतं. आपल्याकडे जुलैत पाऊस चालू असताना बाहेरच्या हवेतच दमटपणा नव्वद टक्क्यांच्या वर असतो. मग वाफ जाणार कुठे? आतल्या बाजूला तिचं पाणी होतं आणि पाठीवरून ओघळतं.

माझ्याकडे येणाऱ्या रेनकोटांपैकी पुष्कळ "गळतोय" म्हणून येतात आणि गळत नसतात. मी तो उलटा करते, कापडाचा खोलगट द्रोण करून त्यात भांडंभर पाणी ओतते आणि खाली तळहात धरते. थोडा वेळ थांबायचं. हात कोरडा राहिला तर कापड शाबूत आहे, ओल आतली आहे. शिलाईवरून थेंब उतरला तर टेप सुटली आहे, ती बदलता येते. तिसरा प्रकार मात्र वाईट. आतल्या अस्तरावर अंगठा दाबून घासला की पांढरे पापुद्रे निघतात आणि हाताला चिकटपणा लागतो. पावसाळ्याच्या शेवटी ओलसर कोट घडी करून कपाटात ठेवला की दमटपणाने आतला लेप विरतो. त्याला दुरुस्ती नाही. तुमचं जाकीट चार वर्षांचं आहे, तेव्हा आधी हा अंगठा लावून बघा. पापुद्रे निघत नसतील तर नवीन घ्यायचं काहीच कारण नाही. ते पिशवीत राहू द्या, पहाटे काकड्याला उठल्यावर किंवा रात्री राहुटीबाहेर जाताना कामाला येईल.

खांद्याकडेही बघा. कापडावर पाणी टाकलं की मोती होऊन घसरलं पाहिजे. पिशवीचे पट्टे घासून खांद्यावरचा तो लेप सगळ्यात आधी जातो आणि कापड वरून पाणी पिऊन जड होतं. कोट साबणाचा अंश न ठेवता स्वच्छ खळबळून, वाळल्यावर वर सुती फडकं ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवली तर थोडा लेप जागा होतो. लेबलवर इस्त्रीची मनाई असेल तर नको.

आता वारीला काय घ्यायचं ते. तुम्ही पोंचो घ्या. आईंचं ऐका आणि त्यांना कागदच घ्या.

पोंचो अशासाठी की तो पिशवीसकट वरून पडतो आणि खालून सगळा उघडा असतो. हवा खेळते. हात बाजूने बाहेर काढून टाळ वाजवता येतात. पॉलिएस्टरचा, आतून लेप दिलेला, बाजूला टिचबटणं असलेला बघा. जाड पीव्हीसीचा घेऊ नका, तो जड असतो, घडीवर चिरतो आणि चालताना पोटऱ्यांना चिकटतो. लांबी गुडघ्याच्या जेमतेम खाली. त्याहून लांब असला की दिवे घाट चढताना पाय अडकतो. घाटात वारा आला की पोंचो फडफडून मागच्या माउलीच्या तोंडावर जातो, म्हणून कमरेला बांधायला एक नाडी खिशात असू द्या.

कागद म्हणजे ज्याला आईंच्या पिढीची माणसं मेणकापड म्हणतात तो. हार्डवेअरच्या दुकानात किंवा शेतीसामानाच्या दुकानात मापाने कापून मिळतो. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद पुरतो. फार पातळ घेऊ नका, हातात धरून ताणला तर लगेच पांढरा पडून लांबणारा नको. रंग पांढरा किंवा फिका घ्या, पहाटेच्या अंधारात मागून येणाऱ्या गाडीवाल्याला दिसतो. त्याची खोळ करायची. लांब बाजूच्या मधोमध दुमडून एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्याच्या आत खोचला की टोकदार टोपी होते, ती डोक्यावर घेतली की पाठ, खांदे, पिशवी सगळं झाकलं जातं. घोंगडीची खोळ जशी घेतात तशीच. पुढची बाजू मोकळी, त्यामुळे घाम साठत नाही. ऊन पडलं की झटकून घडी केली, काखेत धरली. विसाव्याला ओल्या जमिनीवर तोच अंथरून बसायचं. रात्री चटईखाली तोच. एका वस्तूची एवढी कामं रेनकोट करत नाही, आणि म्हणून वर्षानुवर्षं चालणाऱ्या माणसांच्या खांद्यावर तुम्हाला कागदच दिसेल. फाटला तरी रस्त्याला टाकू नका, पिशवीत घालून घरी आणा. ज्या गावात आपण मुक्काम करतो त्यांच्या शेतात तो वर्षभर उडत राहतो.

छत्रीबद्दल मावशींचं निम्मं खरं. दिंडीच्या रांगेत चालताना छत्री उघडू नका. काड्यांची टोकं बरोबर शेजारच्याच्या डोळ्यांच्या उंचीला येतात, आणि रांगेत चार-पाच जणी खांद्याला खांदा लावून असतात. पण रांगेबाहेर मागून सावकाश चालायचं असेल तर छत्रीसारखं सुख नाही. तीन घड्यांची नको, ती घाटात उलटते. लांब दांड्याची साधी काळी घ्या. सासवडच्या पुढे ती तुम्हाला उन्हासाठीच जास्त लागेल. हे ध्यानात ठेवा की आपण पावसापासून लांब लांब जात असतो. पाऊस भेटतो तो आळंदी, पुणे, दिवे घाट ते सासवड या टप्प्यात. नीरा ओलांडून लोणंद, फलटणकडे वळलो की पर्जन्यछायेचा मुलूख. फलटण, माळशिरस भागात वर्षाचा पाऊसच 500 मिमीच्या आसपास. तिथे एखादी जोरदार सर येते, तासाभरात ऊन पडतं आणि काँक्रीटवरून वाफा येतात. रुंदीकरणात कडेची जुनी झाडं गेल्याने आडोसाही कमी झाला आहे. जाकीट-पँट घातलेल्या माणसाचे तिथे हाल होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दिवसा तुम्ही भिजणार. काहीही घातलं तरी भिजणार, आणि चालत असताना त्याने काही बिघडत नाही. पैसे आणि काळजी लावायची ती रात्रीच्या कोरड्या कपड्यांवर. दिंडीचं सामान ट्रकमध्ये जातं. ताडपत्री वरून असते, पाणी मात्र फळ्यांच्या फटींतून खालूनही येतं, आणि पिशवी कितव्या थरात गेली ते आपल्या हातात नसतं. पुणे ते सासवड हा टप्पा 30 किलोमीटरच्या वर आहे, त्या दिवशी गर्दीत ट्रक मुक्कामावर उशिरा पोचणं नेहमीचंच. म्हणून प्रत्येकीने एक कोरडा जोड, एक पातळ चादर आणि मोजे स्वतःच्या पाठीवर ठेवायचे. ट्रकमधल्या पिशवीत आतून जाड प्लास्टिकचं अस्तर घाला. खताच्या गोणीत आत जी पिशवी असते ती धुऊन घेतली तर उत्तम, तिच्याइतकी चिवट पिशवी बाजारात मिळत नाही. तोंड पिळून, दुमडून दोरीने बांधायचं. सॅकवरच्या टोपणावर विसंबू नका. पाठीकडची बाजू त्यात उघडीच राहते आणि मानेवरून ओघळलेलं पाणी थेट तिथे जातं.

राहुटीत जागा घेताना जमिनीचा उतार बघा. आधी येणारे मधली जागा धरतात, पण वरच्या अंगाची कड चांगली. दिंडीतल्या पोरांना सांगून बाहेरून वीतभर चर मारून घ्या.

वॉर्डातली माउली

मी परिचारिका आहे, वाटेतल्या आरोग्य केंद्रात वारकऱ्यांची सेवा केलेली आहे. काकूंनी वरचं सगळं सांगितलं, मी पायांचं सांगते, कारण पावसात माणूस पायांमुळेच मागे राहतो.

वॉटरप्रूफ बूट घेऊ नका. घोट्यावरून पाणी आत गेलं की ते बाहेर पडत नाही, आणि पाय दिवसभर पाण्यात भिजत राहतो. कातडी पांढरी, सुरकुतलेली, मऊ होते आणि मग पहिल्या घासणीला फोड येतो. मागे पट्टा असलेले सँडल किंवा जाळीचे हलके बूट, जे ओले होतील आणि तसेच वाळतील. नवे कोरे नकोत, आत्तापासून वापरायला लागा.

सकाळी निघताना बोटांच्या बेचक्यांत, टाचेला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलीन. ओली साडी किंवा ओला सलवार मांड्यांना काचतो आणि दुसऱ्या दिवशी चालवत नाही. आईंना साडीच्या आत गुडघ्यापर्यंतची पातळ लेगिंग घालू दे. साडी सिंथेटिक बरी, सुती भिजली की जड होते आणि रात्रीत वाळत नाही. जीन्स तर अजिबात नको.

मुक्कामाला पोचल्याबरोबर पाय धुऊन, पुसून, बोटांमधली जागा पूर्ण कोरडी करायची. चहा नंतर. चिखल्या तिथेच सुरू होतात. खाज आणि पांढरी कातडी दिसली की बुरशीवरची पावडर लावा. आईंना मधुमेह असेल तर रोज रात्री तुम्ही स्वतः तळपाय उजेडात बघा, त्यांना जखम झालेली कळणार नाही.

सह्यभटक्या

काकू, पटलं. डोंगरात आम्ही तासाभराने थांबतो, वारा असतो, त्यामुळे घामाचा हिशेब मी वारीला लावला नव्हता. पँटचा सल्ला मागे घेतो.

एक भर घालतो. फलटणच्या पुढे उघड्या माळरानावर दुपारनंतर गडगडाट झाला तर छत्री मिटवा आणि एकट्या झाडाखाली उभ्या राहू नका. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने बनवलेलं 'दामिनी' ॲप फोनवर घेऊन ठेवा, आसपास वीज पडत असेल तर सूचना देतं. फोन साध्या चेनच्या प्लास्टिक पाकिटात ठेवा, त्यातूनही बोट चालतं.

गोदाकाठ

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. अंगठा लावून बघितला, जाकिटाच्या खांद्याला पापुद्रे निघाले, पाठ चांगली आहे. काकूंचं उत्तर आईला वाचून दाखवलं. ती खूश आहे, उद्याच कागद आणायला निघाली आहे. मधुमेह नाही तिला, पण पाय रोज बघेन.

काकू, एक राहिलं. तुळस डोक्यावर असताना खोळ कशी घ्यायची? टोपीच्या टोकावर तर वृंदावन बसणार नाही. आणि पोंचो घातला तरी टोपी मध्ये येणारच ना?

शिवणकाकू

बरोबर ओळखलंत. तुळस घेतलेल्या बाईला खोळही चालत नाही आणि टोपीचा पोंचोही. डोक्यावर प्लास्टिक असलं की वृंदावन घसरतं, आणि एक हात कायम वर धरावा लागतो, त्या बाहीतून पाणी कोपरापर्यंत आत येतं.

आईंसाठी कागद डोक्यावरून न घेता खांद्यावरून घ्या. लांब बाजूची एक पट्टी बोटभर दुमडून तिच्यात नाडी ओवायची आणि गळ्याशी सैल गाठ मारायची. प्लास्टिकला मशीनची शिलाई मारू नका, सुईच्या भोकांच्या रेघेवर ते तिकिटासारखं फाटतं. दुमड रुंद चिकटपट्टीने दोन्हीकडून बसवा, नाडी मधल्या पोकळीतून गेली पाहिजे. हात पुढच्या फटीतून वर जातो. डोकं भिजू दे. केस घट्ट बांधून वर पातळ सुती रुमाल, मुक्कामाला पोचल्यावर पुसून घ्यायचं.

चुंबळ मात्र नीट करा. नुसत्या कापडाची चुंबळ पाणी पिते आणि मग दिवसभर ते पाणी कपाळावर, डोळ्यांत ठिबकत राहतं. चुंबळ वळून झाली की तिच्यावर दुधाच्या पिशवीसारखी जाड पिशवी उभी कापून पट्टीने गुंडाळा आणि सगळ्यात वर पुन्हा कापडाचा एकच वेढा द्या. आत पाणी जात नाही आणि वरच्या कापडामुळे वृंदावन सरकत नाही. वृंदावन हलकं घ्या, पितळेचं जड नको, भिजलेल्या मातीचं वजन त्यात आणखी वाढतं. तळाला भोक आहे ना बघून घ्या, नाहीतर कुंडीत पाणी साठून वजन वाढत जातं. भोक बरोबर चुंबळीच्या मध्यावर येत असेल तर ते पाणी थेट डोक्यात उतरतं, म्हणून भोक कडेला पाडलेलं हवं, आणि डोक्यावर घेताना ती कड मागे ठेवायची.

दिंडीत तुळस आळीपाळीने घेतात. आईंना सांगा, घाट चढताना ती दुसरीकडे द्या आणि सासवडच्या पुढे, रस्ता सपाट झाला की हवी तेवढी घ्या.

तुमच्या जाकिटाचे खांदे गेलेत म्हणता, पण पाठ चांगली आहे. ती टाकू नका. पाठीचा तुकडा चौकोनी कापला तर कोरडे कपडे गुंडाळायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. कापलेली कड सुटू नये म्हणून दुमडून दोन शिलाया मारून घ्या, इथे सुई चालेल, कारण कड पाण्यात राहत नाही.